ब्रिस्बेन ते सिडनी: दोघांसाठीच्या कॅम्परव्हॅनमधले सोळा दिवस

ब्रिस्बेनहून सिडनीला विमानाने दीड तासात पोहोचता येते, आणि पॅसिफिक महामार्गाने सलग गाडी चालवली तर एका दिवसात. त्याच सुमारे ९०० किलोमीटरांना आम्ही उभयतांनी गेल्या ऑक्टोबरमध्ये सोळा दिवस दिले आणि त्यासाठी दोघांपुरती कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली. हा अभिप्राय त्या गाडीविषयी आणि त्या सेवेविषयी आहे. मात्र ज्या किनाऱ्यासाठी ती घेतली, त्याला वगळून गाडीचे मोल सांगता येणार नाही.

पैसे वाचतील या अपेक्षेने हा पर्याय निवडू नये. गाडीचे भाडे, विमा, इंधन आणि रोजच्या मुक्कामाच्या जागेचे शुल्क यांची बेरीज साधी मोटार आणि मध्यम दर्जाचे हॉटेल यांच्या खर्चाजवळ जाते. येथे पैसे मोजायचे ते सवडीसाठी. सामान रोज बांधावे लागत नाही, जागा आवडली तर आणखी एक रात्र राहता येते, आणि पहाटे दार उघडले की समोर समुद्र असतो.

गाडीत दोन शेगड्यांचा गॅस, लहान फ्रीज, बेसिन, स्वच्छ पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची वेगळी टाकी होती. शौचालय असलेली गाडी आम्ही विचारपूर्वक टाळली व तो निर्णय योग्य ठरला, कारण वाटेतल्या प्रत्येक हॉलिडे पार्कमध्ये (अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागेत) स्वच्छ स्नानगृहे, सामाईक स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची यंत्रे होती. दिवसा बसण्याची बाकेच रात्री जोडून पलंग करावा लागतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचे कौतुक वाटते, पुढे कंटाळा येतो. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी कायमस्वरूपी पलंगाचीच गाडी मागावी. फ्रीज दुसऱ्या बॅटरीवर चालतो आणि ती बॅटरी गाडी धावताना किंवा वीजजोडणी मिळाल्यावरच भरते. त्यामुळे एकाच ठिकाणी दोन रात्री थांबायचे असेल, तर वीजजोडणीची जागा घेणेच हिताचे.

माझी खरी तक्रार गाडी ताब्यात देताना झालेल्या घाईबद्दल आहे. पंधरा मिनिटांत सगळे उरकले गेले. गाडीचे छप्पर व तळ यांचे नुकसान मूळ विम्यात धरलेले नाही आणि अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालवण्यास करारात मनाई आहे, या दोन्ही गोष्टी आम्हाला स्वतः कागद वाचून कळल्या. संध्याकाळी कांगारू आणि त्यांच्यासारखेच पण लहान असे वॉलबी रस्त्यावर येतात, त्यामुळे ती मनाई रास्तच आहे. परंतु ती तोंडी सांगायला हवी होती. घड्याळाविषयीही कोणी बोलले नाही. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड राज्यात जात नाहीत; त्यामुळे ट्वीड हेड्स येथे या दोन राज्यांची सीमा ओलांडताच आमचा एक तास गेला आणि मुक्कामाचे कार्यालय बंद होण्याच्या बेताला आम्ही धावतपळत पोहोचलो. परदेशी पाहुण्यांना गाडी देणाऱ्या सेवेने एवढी सूचना एका कागदावर लिहून द्यावी.

गोल्ड कोस्टच्या उंच इमारतींजवळ एवढे वाहन लावायला जागा शोधणे त्रासाचे होते. तिथे आम्ही एकच रात्र काढली. बायरन बे येथे मात्र चार रात्री राहिलो. रस्त्याच्या कडेला गाडीत झोपण्यास तिथे बंदी आहे, म्हणून जागा आधीच आरक्षित करावी. केप बायरन हे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचे सर्वांत पूर्वेचे टोक असून तिथला दीपस्तंभ १९०१ सालचा आहे. टोकाभोवतीची ३.७ किलोमीटरची पायवाट वर्षावनातून वर चढते आणि अचानक मोकळ्या कड्यावर येते. ऑक्टोबरमध्ये हम्पबॅक देवमाशांच्या माद्या पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे परतत असतात. कड्यावर बसून आम्ही त्यांच्या श्वासाचे फवारे मोजत राहिलो; माझे पती, ज्यांना एरवी दहा मिनिटेही एका जागी बसवत नाही, ते तिथे दोन तास हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथेच गेलो. ठरलेल्या वेळी खोली सोडायची असती, तर दुसऱ्यांदा जाणे झाले नसते.

पुढे क्लॅरेन्स नदीच्या मुखावरील याम्बा येथे ताजी कोळंबी घेतली आणि घरून नेलेल्या मसाल्यात त्याच दोन शेगड्यांवर कालवण केले. वूलगूल्गा येथे केळीच्या बागांमुळे स्थिरावलेला शीख समाज आहे. डोंगरउतारावरचा पांढराशुभ्र गुरुद्वारा पाहून परदेशात असल्याचा क्षणभर विसर पडला. कॉफ्स हार्बरला मटनबर्ड बेटावर शिअरवॉटर या समुद्री पक्ष्यांची बिळे पायवाटेला अगदी लागून आहेत. पोर्ट मॅक्वारी येथील १९७३ पासूनचे कोआला रुग्णालयही अवश्य पाहावे. पोहण्याविषयी एकच सांगते: पाणी कितीही शांत दिसले, तरी जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधोमधच उतरावे, कारण खेचून नेणारे प्रवाह वरून ओळखू येत नाहीत.

सिडनीत गाडी परत करण्यापूर्वी सांडपाण्याची टाकी नेमून दिलेल्या जागी रिकामी करावी लागते, त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. परत घेताना मात्र तपासणी बारकाईने आणि न्यायाने झाली व अनामत रक्कम पूर्ण मिळाली. याच कंपनीची गाडी मी पुन्हा घेईन, परंतु कायम पलंगाची. आणि याम्ब्याला दोनऐवजी चार रात्री ठेवीन.