सुरक्षिततेची सक्ती हवी की निवड गिऱ्हाईकाची?

जुन्या फ्रीजच्या दाराला खटक्याची कडी असायची. दार लागलं की आतून उघडायची सोय नाही. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये खेळता खेळता शिरलेली मुलं आत गुदमरून गेली. ‘गिऱ्हाईक शहाणं असतं, चांगली वस्तू तोच निवडतो’ हा युक्तिवाद मला इथे पटत नाही. फ्रीज घेताना आत बसून दार ढकलून कोण बघतं? आणि जीव जायचा तो भलत्याच कुणाच्या तरी लेकराचा. १९५६ मध्ये अमेरिकेने कायदा केला की दार आतून उघडलंच पाहिजे. कसं, ते कंपन्यांवर सोडलं. कडी गेली आणि चुंबकाची पट्टी आली.

बाजाराची बाजूही लंगडी नाही. मोटारीतला तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये स्वतःहून आणला, आणि पेटंट असूनही इतरांना वापरू दिला. कल्पना सरकारी कचेरीत सुचत नाहीत. पण सगळ्यांनी तो आपणहून बसवला असता, असं मला वाटत नाही.

सक्ती फसतेही. १९७४ च्या अमेरिकी गाड्यांत पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होईना. शेजारच्या सीटवर सामानाची पिशवी ठेवली तरी यंत्रणेला वाटे, माणूस बसलाय. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी ती सक्ती कायद्यानेच मोडीत काढावी लागली. फ्रीजच्या कायद्याने काय साधायचं ते सांगितलं होतं. इथे कसं साधायचं तेही ठरवायला गेले.

इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंचं दुखणं फ्रीजच्याच जातीचं. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने घराघरांतले कॅमेरे ताब्यात घेतले, तेही कारखान्यातूनच आलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड वापरून. ‘अ‍ॅडमिन’, ‘१२३४५’ असले. मालकाचा कॅमेरा नीट चालत होता, त्याला पत्ताही नव्हता. त्या कॅमेऱ्यांतून एकदम मारा झाला आणि बंद पडल्या त्या दुसऱ्यांच्या वेबसाइट. ज्याला झळच लागत नाही, तो जास्त पैसे कशाला मोजेल?

सिंगापूरने २०२० पासून अशा वस्तूंना सुरक्षिततेची चढत्या श्रेणीची लेबलं द्यायला सुरुवात केली. तुलना करून घेणाऱ्याला ती उपयोगी आहेत. सर्वात स्वस्त वस्तू उचलणाऱ्यापुढे लेबलाचं काही चालत नाही.

सक्तीने खर्च वाढतो, आणि चाचण्यांचा भार छोट्या उत्पादकाला जास्त जड जातो, हे खरंच आहे. म्हणून मी सरसकट सक्तीच्या बाजूने नाही. धोका फक्त घेणाऱ्याला असेल आणि तो त्याला दिसत असेल, तर निवड त्याचीच. धोका झाकलेला असेल किंवा दुसऱ्याच्या माथी जात असेल, तर कायदा हवा.

ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून अशा वस्तूंमधले सोपे किंवा सगळ्या नगांना एकच असलेले पासवर्ड बंद केले आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील ते जाहीर करायला लावलं. किमान किती वर्षं, ते मात्र सांगितलं नाही. मला ते अपुरं वाटतं. भिंतीला ठोकलेला कॅमेरा दहा वर्षं तिथेच असतो.