बॉल पायथनची अंडी उबवायला काय घ्यावं: व्हर्मिक्युलाईट, परलाईट, कोकोपीट की जाळी?

बॉल पायथन या पाळीव अजगराची मादी बहुतेक वेळा फेब्रुवारी ते मे या काळात अंडी घालते. उबायला ५५ ते ६० दिवस लागतात, म्हणजे मराठवाड्यात हा काळ ऐन उन्हाळ्यात येतो. पारा चाळिशीपार, हवा कोरडी आणि विजेचा भरवसा नाही. परदेशातल्या पाळणाऱ्यांची शिफारस जशीच्या तशी उचलण्याआधी याचा विचार करावा.

या अंड्यांचं कवच मऊ आणि चिवट असतं. भोवतालची ओल ते शोषून घेतं आणि कोरड्या हवेत गमावतंही. त्यामुळे माध्यमाने, म्हणजे अंडी ज्यात ठेवतो त्या पदार्थाने, ओल धरायला हवी आणि हवाही खेळती ठेवायला हवी.

व्हर्मिक्युलाईट हे थराथराचं खनिज, तापवून फुलवलेलं. थरांमधलं पाणी ते हळूहळू सोडतं, म्हणून डबा अधूनमधून उघडला तरी ओल एकदम उडत नाही. आपल्या कोरड्या हवेत हा फार मोठा गुण आहे. प्रमाण वजनाने १:१ धरा, १०० ग्रॅमला १०० ग्रॅम पाणी. वाटीने मोजू नका. दाणा बारीक-जाड असला की हिशेब चुकतो. पेरणीला वाफसा बघतो तसंच इथे बघायचं: मूठ दाबली की गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. अंडं निम्मं रुतवायचं. पाणी जास्त झालं तर मात्र वरून कळत नाही, तळाशी साचतं आणि अंड्याला बुरशी धरते. नर्सरीतून घेताना खत न मिसळलेलंच मागा, आणि कोरडं ओतताना तोंडाला रुमाल बांधा, धूळ फार उडते.

परलाईट म्हणजे फुलवलेली ज्वालामुखी काच. त्यातून हवा छान खेळते, पण पाणी खाली उतरतं आणि वरचा थर लवकर सुकतो. नुसत्या परलाईटवर अंडी ठेवण्यापेक्षा ते जाळीखाली वापरणं मला जास्त पटतं.

जाळीची पद्धत अशी: डब्यात खाली ओलं परलाईट, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर अंडी. अंड्याला ओलं काहीच टेकत नाही. पायथनची अंडी एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि तो जबरदस्तीने सोडवायचा नसतो. असा गठ्ठा व्हर्मिक्युलाईटमध्ये नीट रुततच नाही, वरची अंडी उघडीच राहतात. पण इथे सगळी मदार झाकणावर. झाकण सैल असेल तर अंडी लगेच पिचकतात. झाकणाखाली साठलेले थेंब अंड्यांवर पडू नयेत म्हणून डबा किंचित तिरका ठेवा.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सगळ्यात स्वस्त. भाजीपाल्याची रोपं करणाऱ्या कुठल्याही नर्सरीत मिळतं. पण ते सेंद्रिय असल्याने बुरशी लवकर येते, त्याच्या दाबलेल्या विटेत क्षारही असू शकतात. दुसरं काही मिळालंच नाही तर दोन-तीनदा धुऊन वापरा. वाळू नकोच, ती दबून बसते आणि हवा कोंडते.

माझा कौल असा: अंडी सुटी असतील, उदाहरणार्थ कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाची, तर व्हर्मिक्युलाईट. पायथनचा गठ्ठा असेल आणि घट्ट झाकणाचा डबा असेल तर जाळी. पाणी बोअरचं नको, आरओचं घ्या.

माध्यमापेक्षाही मोठा धोका तापमानाचा आहे. बॉल पायथनला ३१ ते ३२ अंश लागतात. साधा इन्क्युबेटर (अंडी उबवायची पेटी) फक्त तापवतो, गार करत नाही. खोलीच ३८ अंशांवर गेली तर कुठलंही माध्यम अंडी वाचवू शकत नाही. पत्र्याची खोली टाळा, घरातली सगळ्यात गार खोली निवडा आणि इन्क्युबेटरमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा. त्यामुळे वीज गेली तरी तापमान चटकन बदलत नाही.

अंड्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खुणा करून ठेवा, अंडी फिरवू नका. सुरुवातीला डब्याचं एकूण वजन लिहून ठेवा आणि घटेल तेवढं पाणी कडेने घाला, अंड्यांवर नाही. शेवटच्या पंधरवड्यात अंडी थोडी पिचकणं स्वाभाविक आहे, तेव्हा घाबरून पाणी ओतू नका.

बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो. अशा प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांनुसार त्याची, आणि पिल्लं झाली की त्यांचीही, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. शेतात सापडलेली धामणीची किंवा घोरपडीची अंडी मात्र घरी आणू नका. ते वन्यजीव आहेत, वनविभागाला कळवा.