बँकांचा गृहकर्ज पात्रता कॅल्क्युलेटर: निम्मंच गणित

बहुतेक बँकांच्या संकेतस्थळांवर हा कॅल्क्युलेटर असतो. हातात येणारा पगार १ लाख, दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं असं भरलं आणि निम्मा पगार हप्त्याला धरला, तर साधारण ५७ लाख ६० हजारांचं कर्ज दिसतं. आकडेमोड चोख आहे, लाखाला हप्ता ८६८ रुपये. मुदत ३० वर्षं केली की हप्ता लाखाला ७६९ वर उतरतो आणि कर्ज ६५ लाखांवर जातं. लोक इथेच भुलतात. २० वर्षांत लाखामागे सुमारे १ लाख ८ हजार व्याज जातं, ३० वर्षांत १ लाख ७७ हजार.

‘चालू हप्ते’ हा रकाना रिकामा सोडू नका. गाडीचा १२,००० चा हप्ता सुरू असेल तर पात्रता जवळजवळ १४ लाखांनी घटते.

खरी उणीव वेगळीच आहे. बँक किती देईल एवढंच तो सांगतो. तुमच्या खिशातून किती जाणार, हे विचारतही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्केच कर्ज मिळतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत सहसा धरत नाहीत.

पुण्यातला ७० लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. स्वतःचे १४ लाख, ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ४ लाख ९० हजार, नोंदणी ३०,०००, जीएसटी ५ टक्क्यांनी साडेतीन लाख. झाले २२ लाख ७० हजार, आणि यात पार्किंग, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स किंवा एक पंखासुद्धा नाही. घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दर करारापेक्षा जास्त निघाला, तर शुल्क त्या दराने भरावं लागतं. जुन्या घरांच्या व्यवहारात हे हमखास आडवं येतं.

म्हणून आधी रोकड मोजा, मग कॅल्क्युलेटर उघडा. सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवून १५ लाख उरत असतील, तर पुण्यात तयार घर ५४ लाखांच्या आसपास झेपतं. बांधकाम चालू असलेलं ४६ लाखांच्या आतच. गंमत म्हणजे पुण्यात एकूण किंमत ४५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर जीएसटी १ टक्काच लागतो. ४६ लाखांना हाच कर २ लाख ३० हजार, ४५ ला फक्त ४५ हजार. बिल्डरशी घासाघीस करायची तर याच १ लाखावर करा.

ताबा मिळेपर्यंतचं भाडंही कुठल्याच रकान्यात नसतं. बँकेने २० लाख सोडले की नुसतं व्याजच महिना १४,००० च्या वर, शिवाय घरभाडं.

हप्त्यासाठी ५० ऐवजी ४० टक्के धरा. एक्सेलमध्ये पीव्ही फंक्शनला (हप्त्यावरून कर्जाची रक्कम काढणारं सूत्र) मासिक दर म्हणजे ८.५ टक्के भागिले १२, २४० महिने आणि ४०,००० हप्ता दिला की ४६ लाख निघतात. मग तेच ९.५ टक्क्यांनी करून पाहा: ४३ लाखही होत नाहीत. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाला हाच दुसरा आकडा धरावा.