शिकागोतलं जुनं घर: नव्या खिडक्या घ्याव्यात की जुन्यांवर स्टॉर्म बसवावी?

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीला आतून बर्फ धरला होता. रात्री कुकरची वाफ काचेवर बसली, तिचं पाणी होऊन खालच्या फळीवर ओघळलं आणि तिथेच गोठलं. फळीवर ठेवलेल्या तुळशीची काचेला टेकलेली पानं काळी पडली होती. त्याच दिवशी मी कॉन्ट्रॅक्टरांना फोन लावायला सुरुवात केली.

घर म्हणजे शंभरीला टेकलेला विटांचा बंगलो. शिकागोत 1910 ते 1940 या काळात असे सुमारे 80,000 बंगले उभे राहिले, त्यामुळे माझा हिशोब इथल्या बऱ्याच जणांच्या कामी यावा. खिडक्या 14, सगळ्या लाकडी, वरखाली सरकणाऱ्या, एकेरी काचेच्या. तीन कोटेशन आली: 4,500 डॉलर, 13,000 आणि 31,000. आधी वाटलं, कुणीतरी लुबाडतंय. नीट वाचल्यावर कळलं की तिघांनी तीन वेगळी कामं सांगितली आहेत.

स्टॉर्म विंडो

जुनी खिडकी तशीच ठेवून बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत दुसरी काच बसवायची. बसवणुकीसकट खिडकीमागे साधारण 200 ते 400 डॉलर. जुन्या पल्ल्यांच्या तुटलेल्या दोऱ्या, सुटलेली पुट्टी आणि वारा अडवणारी पट्टी करून घ्यायची तर सुताराचे पैसे वेगळे. जुन्या घरातलं लाकूड दाट आणि टणक असतं, निगा राखली तर ते अजून कित्येक वर्षं टिकेल. स्टॉर्मच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मात्र कुणालाही सीलंटने बुजवू देऊ नका. बुजवली की पाणी आत साठतं आणि फळी कुजते.

जुन्या चौकटीत नवी खिडकी

याला इथे इन्सर्ट म्हणतात. पल्ले काढून जुन्या चौकटीच्या आत नवी खिडकी सरकवतात. विनाइलची, म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीची असेल तर 600 ते 1,100 डॉलर, आणि अख्ख्या घराचं काम दोन दिवसांत उरकतं. जाहिरातींत दिसणारा दर बहुतेक वेळा याच कामाचा असतो.

माझं मन अडलं ते एका जागेवर. जुन्या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना भिंतीत उभी पोकळी असते, तीत दोरीला बांधलेली लोखंडी वजनं लोंबकळतात. पल्ला वर केला की वजन खाली जातं. ही पोकळी म्हणजे थंड हवेची विहीरच. मी एका खिडकीची बाजूची झडप उघडून हात घातला, तर बोटं गारठली. इन्सर्ट बसवणाऱ्याने वजनं काढून तिथे इन्सुलेशन भरलं नाही, तर काच कितीही भारी घ्या, शेजारून वारा येतच राहणार. शिवाय चौकटीत चौकट आल्याने काच चारही बाजूंनी लहान होते. हिवाळ्यात उजेड आधीच कमी, त्यात हे जाणवतं.

विटांपर्यंत सगळं नवीन

याला फुल-फ्रेम म्हणतात. चौकट, वजनं, बाजूच्या पट्ट्या सगळं उखडतात, पोकळी भरतात, मग नवी खिडकी बसते. 1,200 ते 2,500 डॉलर, लाकडी घेतली तर त्याहून वर. आतलं प्लॅस्टर थोडंफार फुटतं, रंगकाम परत करावं लागतं. पण फळी कुजलेली असेल तर दुसरा मार्ग नाही. टोच्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फळीचे दोन्ही कोपरे टोचून पाहा. टोक सहज रुतलं, तर त्या खिडकीत इन्सर्ट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

खिडकी कशाची घ्यायची, हा प्रश्न मला याच्या मानाने दुय्यम वाटतो. विनाइल स्वस्त, पण थंडी-उन्हाने जास्त आकुंचन-प्रसरण पावतं. फायबरग्लासचं प्रसरण काचेइतकंच असतं, म्हणून सांधे जास्त टिकतात. 30 जानेवारी 2019 ला ओ'हेर विमानतळावर पारा उणे 23 फॅरनहाइटला (उणे 31 सेल्सियसला) गेला होता, आणि उन्हाळ्यात हेच शहर नव्वदी गाठतं. परवडत असेल तर फायबरग्लास घ्या.

बिलात वाचतं किती?

विक्रेते याच मुद्द्यावर जोर देतात, म्हणून इथे कागद-पेन्सिल घेऊन बसा. खिडकीतून उष्णता किती सुटते याचं माप म्हणजे यू-फॅक्टर, जितका कमी तितका चांगला. एकेरी काच सुमारे 1, एकेरीवर स्टॉर्म सुमारे 0.5, लो-ई लेप (उष्णता परत घरात वळवणारा पातळ थर) आणि मधे आर्गॉन वायू असलेली दुहेरी काच 0.27च्या आसपास. 3 फूट बाय 5 फुटांची खिडकी, शिकागोचा नेहमीचा हिवाळा (सुमारे 6,200 हीटिंग डिग्री डे, म्हणजे वर्षभराच्या थंडीचं माप) आणि 85 टक्के कार्यक्षमतेची फर्नेस धरली, तर एकेरी काचेऐवजी नवी दुहेरी बसवल्याने वर्षाला साधारण 19 थर्म (गॅसच्या बिलातलं एकक) गॅस वाचतो. थर्मला सव्वा ते दीड डॉलर धरा: 24 ते 29 डॉलर. आणि आधीपासून स्टॉर्म असेल, तर वाचतात फक्त 6 थर्म, म्हणजे 8-9 डॉलर.

900 डॉलरच्या खिडकीला वर्षाकाठी 25 डॉलर. फटींतून येणारा वारा थांबल्याने यात भर पडते, पण तो वारा पट्टी आणि स्टॉर्मनेही बराच थांबतो. गॅसच्या बिलातला ठरावीक मासिक आकार तर खिडक्या बदलून कमी होतच नाही. तिहेरी काच घेतली तर दुहेरीच्या तुलनेत याच खिडकीला वर्षाला आणखी तीनेक डॉलर. रस्त्याचा किंवा रेल्वेचा आवाज असेल तर तिहेरीचा विचार करा, बिलासाठी नको.

केंद्र सरकारची करसवलतही आता धरू नका. खर्चाच्या 30 टक्के, खिडक्यांना जास्तीत जास्त 600 डॉलर अशी ती होती. 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या खिडक्यांना ती मिळत नाही.

मग पैसे कशासाठी मोजायचे?

एक, अंगाला लागणाऱ्या थंडीसाठी. बाहेर 0 फॅरनहाइट आणि घरात 70 असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग 20 अंशांच्या जवळ असतो, म्हणजे गोठणबिंदूच्या बराच खाली. आमच्या खिडकीवरचा बर्फ तिथूनच आला. स्टॉर्म लावली की तो 45 च्या आसपास जातो, लो-ई दुहेरीत 57 च्या. ज्या खोलीत आजी-आजोबा खिडकीजवळ बसतात, तिथे हा फरक बिलापेक्षा मोठा आहे.

दुसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: शिसं. 1978 च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग असण्याची शक्यता धरूनच चालायचं. वरखाली सरकणारे पल्ले चौकटीला घासतात आणि त्याची बारीक धूळ फळीवर पडते. रांगणारं मूल फळीला धरून उभं राहतं आणि तोच हात तोंडात घालतं. घरात लहान मूल असेल आणि तपासणीत शिसं निघालं, तर डॉलर-थर्मचा हिशोब बाजूला ठेवा आणि त्या खोलीच्या खिडक्या आधी काढा. काढणारी कंपनी ईपीएचं (केंद्राच्या पर्यावरण खात्याचं) लेड-सेफ, म्हणजे शिशाची धूळ न पसरवता काम करण्याचं प्रमाणपत्र असलेलीच हवी. 2010 पासून अशा घरांत हे बंधनकारक आहे.

दोन काचांच्या मधे धुकं दिसत असेल, तर प्रश्न वेगळाच. सील गेलेलं आहे, आणि बऱ्याचदा चौकट ठेवून फक्त काचेचा संच बदलून मिळतो. अख्खी खिडकी विकायला येणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

माझ्याकडे एक विक्रेता तीन तास बसला होता. "आज सही केलीत तरच हा दर." मी सही केली नाही, आणि आठवड्याने त्याच माणसाने आणखी कमी दर दिला. घाई करू नका, कोटेशन घरी ठेवून घ्या.

आम्ही शेवटी काम वाटून घेतलं. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या फळ्या कुजल्या होत्या, मुलीच्या खोलीत शिसं निघालं. या चार खिडक्या फुल-फ्रेम, फायबरग्लास. उरलेल्या दहांना सुताराकडून डागडुजी आणि वर लो-ई काचेची स्टॉर्म. सगळं मिळून 14,000 च्या आत बसलं. दहाही खिडक्या नव्या घेतल्या असत्या तर आणखी 10,000 तरी गेले असते.

कोटेशन मागताना चार गोष्टी लिहून घ्या: अख्ख्या खिडकीचा यू-फॅक्टर (नुसत्या काचेचा नको, खिडक्यांचं मूल्यांकन करणाऱ्या एनएफआरसी या संस्थेच्या लेबलवर असतो तो), वजनांची पोकळी भरणार का, लेड-सेफ प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि सील गेल्यास वॉरंटीत मजुरी धरली आहे की नुसती काच.