‘मला मशीन दिसत नाही’: बिगफिक्स, कॉन्फिगरेशन मॅनेजर की इन्ट्यून?

एंडपॉइंट मॅनेजमेंटचं, म्हणजे कंपनीतली सगळी मशीन एका ठिकाणाहून सांभाळण्याचं, सॉफ्टवेअर घेताना पॅचिंग (सुधारणा बसवणं), रिपोर्ट आणि लायसन्सचा खर्च यांची तुलना सगळेच करतात. मी आधी वेगळं तपासायला सांगेन. हेल्पडेस्कवरचा ऑपरेटर ‘मला मशीन दिसत नाही’ म्हणाला, की कारण किती वेळात सापडतं? ते सापडेना, की कोणीतरी वैतागून त्याला पूर्ण ॲडमिन करून टाकतो, आणि तो हक्क पुढे काढायचा राहूनच जातो. एका क्लिकवर हजारो मशीनवर काहीही चालवता येतं अशा साधनात हे फार धोक्याचं आहे.

२०१९मध्ये आयबीएमकडून एचसीएलकडे आलेल्या बिगफिक्समध्ये मास्टर (सगळे हक्क असलेले) आणि नॉन-मास्टर (नेमून दिलेलेच हक्क असलेले) असे ऑपरेटर असतात. तक्रारी बहुतेक नॉन-मास्टरच्या. त्याच्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: नेमून दिलेली मशीन, नेमून दिलेल्या साइट (फिक्सलेटचे संच) आणि त्याच्या स्वतःच्या परवानग्या. तक्रार नीट ऐकली तर निम्मं काम होतं. मशीन दिसतं पण फिक्सलेट (दोष शोधून दुरुस्त करणारा तयार आदेश) दिसत नाही, तर आधी साइट बघा. फिक्सलेट चालवता येतं पण स्वतःची ॲक्शन (मशीनवर चालवायची कृती) लिहिता येत नाही, तर कस्टम कंटेंटची परवानगी बघा. लॉगिनच होत नसेल, तर कन्सोल, वेबयूआय (ब्राउझरमधलं पान) आणि रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामसाठीचा मार्ग) यांच्या परवानग्या वेगवेगळ्या असतात हे लक्षात घ्या. मशीनच गायब असेल, तर वेळ लागतो. नेमणूक बहुधा मशीनच्या एखाद्या प्रॉपर्टीवरून केलेली असते, आणि एजंटने (मशीनवर बसवलेल्या छोट्या प्रोग्रामने) तिची जुनीच नोंद कळवलेली असेल तर मशीन त्या ऑपरेटरच्या वाट्याला येत नाही. बंद लॅपटॉप चालू होईपर्यंत थांबावंच लागतं. रोलमधून (हक्कांच्या तयार संचातून) आलेले आणि थेट दिलेले हक्क एकत्र धरले जातात, त्यामुळे ऑपरेटरच्या पानावर प्रत्यक्ष लागू असलेली परवानगी वाचायची सवय लावून घ्या.

मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये रोल (काय करता येईल), स्कोप (कोणत्या घटकांवर) आणि कलेक्शन (मशीन किंवा वापरकर्त्यांच्या कोणत्या गटावर) ही त्रिसूत्री २०१२च्या आवृत्तीपासून आहे. एकाला दोन रोल आणि दोन कलेक्शन दिली, तर दोन्ही रोल दोन्ही कलेक्शनवर लागू होतात. पुण्याच्या मशीनवर फक्त वाचण्याचा आणि नाशिकच्या मशीनवर बदलाचा हक्क द्यायचा असेल, तर प्रत्येक रोल ठरावीक स्कोप आणि कलेक्शनशी जोडण्याचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. याच्या सोबत येणारं आरबीएव्ह्यूअर हे साधन मला फार मोलाचं वाटतं, कारण एखाद्या वापरकर्त्याला काय दिसेल ते त्यात आधीच बघता येतं. आणि दूरच्या पीसीवरचा कन्सोल जोडलाच जात नसेल, तर रोल चाळण्याआधी सर्व्हरवरची डीकॉमची (दूरच्या मशीनवरच्या प्रोग्रामशी बोलण्याची विंडोजमधली सोय) रिमोट ॲक्टिव्हेशन परवानगी तपासा.

मायक्रोसॉफ्टच्याच इन्ट्यूनमध्ये रोल, सदस्यांचा गट (रोल ज्यांना मिळतो ते), स्कोप गट आणि स्कोप टॅग अशी चार टोकं आहेत. गोंधळ उडतो तो शेवटच्या दोघांत. टॅगमुळे ॲडमिनला काय दिसेल ते ठरतं. पॉलिसी किंवा ॲप कोणाला लावता येईल ते स्कोप गटामुळे ठरतं. म्हणून पॉलिसी समोर दिसते, पण हव्या त्या गटाला लावता येत नाही. याउलट, एखाद्याला सगळंच दिसत असेल तर त्याच्याकडे एंट्राचा (खाती आणि ओळख सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेचा) ग्लोबल किंवा इन्ट्यून ॲडमिनिस्ट्रेटर रोल आहे का ते बघा. त्यापुढे टॅगचं काही चालत नाही. बिटलॉकर की (विंडोजची कुलूपबंद डिस्क उघडण्याची किल्ली) हा आणखी एक हमखास प्रश्न. ती एंट्रात साठवलेली असते, त्यामुळे ती वाचण्याचा हक्कही तिथूनच द्यावा लागतो. इन्ट्यूनमधला रोल कितीही वाढवला तरी की दिसत नाही. ‘माझ्या परवानग्या’ हे पान आहे, पण ते स्वतःपुरतंच.

लिनक्स, एआयएक्स (आयबीएमची युनिक्स प्रणाली) आणि सर्व्हर हाताळायचे असतील, तर मी बिगफिक्स घेईन आणि साइटची आखणी पहिल्याच आठवड्यात कागदावर करेन. नुसते विंडोज लॅपटॉप आणि फोन असतील, तर इन्ट्यून. कॉन्फिगरेशन मॅनेजर आधीच नीट चालू असेल, तर केवळ हक्कांच्या कटकटीसाठी ते सोडू नका.

ट्रायलच्या काळात एक साधं खातं उघडा. सहकाऱ्याला त्या खात्याचा एक हक्क गुपचूप काढायला सांगा आणि तो शोधायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. तिन्हींवर हे करून बघा.