सेंट जाइल्स, एडिनबरा: बाहेरून काठावर पास, आतून पैकीच्या पैकी

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तीस वर्षं ओव्हरसिअर होतो. त्यामुळे जुनी इमारत बघायला गेलो की माझी नजर आधी दगडांच्या दरजांवर, म्हणजे सांध्यांवर, जाते. रंगीत काचा आणि इतिहास नंतर. एडिनबरात मुलीकडे तीन आठवडे होतो, त्यातले दोन दिवस सेंट जाइल्स या चर्चमध्ये गेले. पहिल्या दिवशी आमची ही सोबत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या भिंती तुम्हीच बघा."

किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा जो जुना रस्ता आहे, रॉयल माइल, त्याच्या मध्यावर हे चर्च आहे. स्थापना 1124 ची सांगतात. पण समोर उभं राहिल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, तर 'हे एवढं जुनं नाही.' दगडांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या, दरजा बारीक, सगळं एका मापात. मग मान वर केली. मनोऱ्यावर दगडी कमानींचा एक मुकुट आहे, पंधराव्या शतकाच्या अखेरचा. त्याचा दगड झिजलेला, काळवंडलेला, कडा गोल झालेल्या. खालच्या भिंती आणि वरचा मुकुट एकाच इमारतीचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

उलगडा असा. 1829 ते 1833 मध्ये विल्यम बर्न नावाच्या वास्तुविशारदाने दुरुस्ती काढली आणि मनोरा सोडून जवळजवळ सगळ्या बाहेरच्या अंगाला घडीव दगडाची नवी कातडी चढवली. काही छोटी चॅपलं, म्हणजे प्रार्थनेच्या खोल्या, पाडूनच टाकली. त्या कामाला लोक आजही नावं ठेवतात. मीही ठेवणार होतो, पण बर्नची बाजूही ऐकली पाहिजे. शेकडो वर्षं या चर्चच्या भिंतींना दुकानं चिकटलेली होती. ती हटवल्यावर आतून ओबडधोबड भिंती उघड्या पडल्या, आणि काही ठिकाणी त्या दीड फूट बाहेर झुकलेल्या निघाल्या. दीड फूट! अशी भिंत माझ्या हद्दीत असती तर मी खालचा रस्ता बंद करून वरिष्ठांना फोन लावला असता. म्हणजे काम करणं भाग होतं. इतकं गुळगुळीत करणं भाग नव्हतं. आमच्याकडे एका कंत्राटदाराने वाड्याच्या काळ्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून त्यावर दगडाच्या खोट्या रेघा ओढल्या होत्या. बिलावर सही माझीच आहे. म्हणून बर्नला फार बोलत नाही.

आत गेलात की हा सगळा हिशेब विसरायला होतं.

आधी जरा पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर आतलं मोकळेपण कळत नाही. 1560 च्या धर्मसुधारणेच्या सुमाराला जॉन नॉक्स इथला पाद्री झाला आणि स्कॉटलंडचं चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या, वळणावर गेलं. सेंट जाइल्स या संताची मूर्ती त्याआधीच कुणी तरी पळवून तळ्यात बुडवली होती. नव्या पंथाला मूर्ती नकोत, बाजूच्या वेदी नकोत. हवं ते एक व्यासपीठ आणि प्रवचन. मग एवढ्या मोठ्या इमारतीचं करायचं काय? भिंती घालून तिचे भाग पाडले आणि एका छपराखाली वेगवेगळ्या मंडळ्या भरू लागल्या. उरलेल्या जागेत शाळा भरली, तुरुंग झाला, कोळसा साठवला. 'मेडन' नावाचं मुंडकं उडवायचं यंत्रसुद्धा इथेच ठेवलेलं असे. सरकारी इमारतीत रिकामी खोली दिसली की तिथे काय काय येऊन पडतं हे मला चांगलं माहीत आहे, त्यामुळे नवल वाटलं नाही.

या मधल्या भिंती काढल्या विल्यम चेंबर्सने. हा पुस्तकांचा प्रकाशक, पुढे शहराचा लॉर्ड प्रोव्होस्ट म्हणजे महापौर झाला. 1872 ते 1883 या काळात टप्प्याटप्प्याने काम चाललं, वास्तुविशारद विल्यम हे (Hay). खोदताना जमिनीखाली इतकी हाडं निघाली की पाच मोठ्या पेट्या भरून ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत न्यावी लागली. आणि चर्च पुन्हा उघडायच्या तीन दिवस आधी चेंबर्स गेला. मार्गदर्शकबाईंनी हे सांगितल्यावर आमची ही एकदम म्हणाली, "अरेरे, वास्तुशांत राहिली की हो त्यांची!"

मधोमध मनोऱ्याचा भार पेलणारे चार जाडजूड अष्टकोनी खांब आहेत. त्यातल्या एकाला हात लावून मी बराच वेळ उभा होतो. दगड गार, किंचित ओलसर, आणि छिन्नीचे तिरपे घाव बोटांना लागतात. बाहेरच्या भिंतीवर हे नाही. पूर्वीच्या भिंती कुठे होत्या ते आता शोधूनही सापडत नाही, आणि माझ्या मते हीच या कामाची पावती. खांबांच्या मध्ये संगमरवरी टेबल आणि चारी बाजूंनी खुर्च्या. बिशपसाठी उंच आसन नाही, कारण प्रेस्बिटेरियन मंडळींत बिशपच नसतो. मग याला 'कॅथीड्रल', म्हणजे बिशपचं चर्च, का म्हणतात? पहिल्या चार्ल्स राजाने 1633 मध्ये इथे बिशप बसवला तेव्हा चिकटलेलं नाव आहे ते. बिशप गेले, नाव राहिलं. त्याच राजाचं नवं प्रार्थनापुस्तक 1637 मध्ये इथे वाचायला घेतलं, तेव्हा जेनी गेडिस नावाच्या बाईने वाचणाऱ्याच्या दिशेने बसायचं स्टूल भिरकावलं असं सांगतात. त्या स्टुलाची ब्राँझची प्रतिकृती आत आहे. आमच्या हिला सगळ्या चर्चमध्ये तेच सर्वांत आवडलं.

थिसल चॅपल चुकवू नका. कोपऱ्यातली छोटीशी खोली, 1911 मध्ये पूर्ण झालेली, रॉबर्ट लोरिमरची. लाकडाचं कोरीवकाम इतकं दाट की डोळ्यांना टेकायला जागा नाही. त्यात बॅगपाइप वाजवणारा देवदूत आहे, तो शोधायचा. मला पहिल्या दिवशी सापडला नाही. दुसऱ्या दिवशी एका शाळकरी मुलाने दाखवला. खरं सांगायचं तर मला ही खोली थोडी जास्तच सजवलेली वाटली. बाहेरच्या साध्या खांबांनंतर लाडू खाऊन वर बासुंदी प्यायल्यासारखं होतं.

पश्चिमेची मोठी खिडकी कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणार्थ, 1985 ची, आइसलंडच्या कलाकाराची. दुपारी उन्हं आली तर बघा. आम्हाला दोन्ही दिवस पाऊस होता.

आता व्यवहाराचं. तिकीट नाही, देणगीची पेटी आहे. एवढी इमारत सांभाळायला काय लागतं ते ठाऊक असल्याने मी मुलीच्या नजरेआड दहा पौंड जास्त टाकले. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा बघायला म्हणून जाऊ नका. उघडल्याबरोबर जा, कारण अकराच्या सुमाराला पर्यटकांचे झेंडेवाले गट आत शिरतात आणि खांबाजवळ शांत उभं राहता येत नाही. बाहेर पश्चिम दाराजवळ फरसबंदीत दगडांचं हृदय काढलेलं आहे, जुन्या तुरुंगाची खूण. तिथे लोक थुंकतात. ती तिथली पद्धत आहे, दचकू नका, फक्त पाय जपून ठेवा. ते 'मेडन' यंत्र बघायचं असेल तर चालत थोड्या अंतरावर राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि गंमत म्हणजे त्या रस्त्याचं नाव चेंबर्स स्ट्रीट.

राहिला नॉक्स. त्याला चर्चमागच्या दफनभूमीत पुरलं होतं. आज तिथे गाड्या उभ्या करायची जागा आहे आणि त्याची खूण 23 क्रमांकाच्या चौकटीत आहे. मी गेलो तेव्हा तिथे एक राखाडी गाडी उभी होती. वीस मिनिटं पावसात छत्री धरून थांबलो. शेवटी गाडीवाला आला, मला बघून काच खाली केली आणि अगदी आदबीने म्हणाला, "माफ करा, निघतोच आहे. तुमची गाडी कुठे आहे?"