आबांची पदकं आणि म्हापशाचा फ्रेमवाला

पाचपैकी चार. एक तारा कापलाय तो उशिरासाठी, कामात खोट काढायला जागा नाही.

दुकान म्हापशाच्या बाजारात, देवांच्या तसबिरी करणारं, जुनं. नाव लिहू नको असं मालकांनीच बजावलंय. चवथीच्या तोंडावर त्यांना जेवायला फुरसत नसते, त्यात आणखी गिऱ्हाईक नको म्हणाले. ज्यांना खरंच गरज आहे ते शोधून काढतील.

आमचे आबा, म्हणजे वडील, 1966 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून बेळगावला जाऊन मराठा लाईट इन्फंट्रीत भरती झाले आणि 1984 मध्ये हवालदार म्हणून घरी आले. गेल्या वर्षी ते गेले. पदकं एका बिस्किटांच्या डब्यात होती. रिबनी गोव्याच्या पावसाने खाल्लेल्या, 'पूर्वी स्टार' या 1971 च्या पूर्व आघाडीच्या पदकाच्या रिबनीला तर बुरशीचे ठिपके. वर्षश्राद्धाच्या आधी एक चांगली फ्रेम व्हावी असं आईच्या मनात होतं.

याआधी ज्या दुकानात विचारलं तिथे मखमल आणि सोनेरी पट्टी दाखवली आणि पदकं गोंदाने डकवून देतो म्हणाले. इथे मालकांनी डबा उघडला, भिंग लावून एकेक पदक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "बाय, हांव मेडलां दसयना, शिंवतां." चिकटवलं की पदक कायमचं खराब होतं. शिवलेलं उद्या नातवाला सोडवून हातात घेता येतं. शिवाय गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, गोंद नेमका तिथेच ओघळतो. दादा सगळी पदकं ब्रासो पॉलिशने चमकवून आणायच्या बेतात होता. त्यालाही त्यांनी तिथेच थांबवलं. घासून घासून कडेची अक्षरं पुसट होतात म्हणे.

क्रमाचंही त्यांना ठाऊक होतं, याचं मला नवल वाटलं. बघणाऱ्याच्या डावीकडे मानाचं पदक. म्हणून आधी पूर्वी स्टार, मग 1971 च्या युद्धाचंच संग्राम मेडल, मग 'जम्मू-काश्मीर' पट्टी असलेलं सैन्य सेवा, त्यानंतर स्वातंत्र्याच्या पंचविशीचं आणि शेवटी नऊ वर्षांच्या नोकरीचं. पंचविशीचं पदक 15 ऑगस्ट 1972 रोजी नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं होतं, आबा त्याला 'हजेरीचं बक्षीस' म्हणायचे. नव्या रिबनी दादाने बेळगावच्या कँपातून आणल्या. जुन्या मालकांनी फेकू दिल्या नाहीत, कागदाच्या पाकिटात घालून परत दिल्या.

मापं घेताना ते सारखे विचारत राहिले, माणूस कसा होता? मला आधी वाटलं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायची पद्धत असेल. पण मी सांगत गेले आणि ते मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने चौकोन आखत गेले.

आबा युद्धाबद्दल गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. उलट, आम्हीच कंटाळायचो. त्यांची पलटण पहिली मराठा, 'जंगी पलटण'. डिसेंबर 1971 मध्ये ब्रह्मपुत्रा ओलांडून तिने पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरची मागची वाट अडवली होती. आपल्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण येण्याचं पत्र पाठवलं, त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. दुसऱ्या रात्री पाकिस्तानी फौजेने फळी फोडून निसटायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि 11 डिसेंबरला जमालपूर पडलं. गोळीची गोष्ट आबा अशी सांगायचे की जणू कागद यांनीच उलगडला. पाहिला कुणी नव्हता, सगळ्या पलटणीला पाठ मात्र होता. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "झाली का तुमची गोळी येऊन? मग नारळ सोला."

आणि तो माणूस नारळ सोलायचा. पेन्शनीवर आल्यावर खाणीच्या काट्यावर ट्रक मोजायची नोकरी केली, पण रविवार घराचा. अंगणात स्टूल टाकून आम्हा भावंडांचे केस कापायचे, शेजारच्या मुलांचेही. माझाही बॉयकट त्यांच्याच कात्रीचा, त्याबद्दल मी अजून त्यांना माफ केलेलं नाही. शाळेचा युनिफॉर्म करवंटीच्या निखाऱ्यांच्या इस्त्रीने असा कडक करून द्यायचे की बाकावर बसायला भीती वाटायची. दारात कुणीही आलं, पाववाला पोदेर असो की पोस्टमन, "राम राम" घुमायचा. पलटणीतली सवय.

हे सगळं ऐकून मालक म्हणाले, मग नुसती पदकं लावून कसं चालेल? तेव्हा आईने कपाटातून निळी अंतर्देशीय पत्रं काढली, 56 एपीओ या फौजी टपालाच्या पत्त्याची. एका पत्रात अर्धं पान गाभण गाईचं, पाव पान दादाच्या शाळेच्या फीचं, आणि शेवटी एका ओळीत 'इकडे बर्फ आहे, बाकी ठीक'. तेच पत्र लावायचं ठरलं, पण मूळ कागद नाही. उजेडाने शाई उडते म्हणून त्यांनी रंगीत प्रत काढून लावली आणि पत्र आईच्या हातात परत दिलं. प्रतीखाली केस कापायची कात्री, तारेने बांधून. दादाला ती आवडली नव्हती, पदकांशेजारी कात्री शोभत नाही म्हणाला. आईने ऐकलं नाही.

आता उशिराबद्दल. ठरलेल्या दिवशी फ्रेम तयार होती, पण पितळी पाटीवर 'सुबेदार' कोरलेलं. पाटी बाहेरच्या कारागिराकडून येते. दादा म्हणाला, राहू दे, कोण विचारतंय, एवढी वर्षं देशसेवा केली. आई फ्रेमकडे न बघताच म्हणाली, "मिळालं नाही ते लावायचं नाही." मालकांनी वाद न घालता पाटी काढली, पण नवी यायला वर्षश्राद्ध उलटून गेलं. पाटीचा खर्च त्यांनी सोसला, तरी तारीख चुकली ती चुकलीच. पाटीचा मजकूर कागदावर लिहून त्यावर त्यांची सही घ्या.

खर्च 4,200 रुपये. फ्रेम सागाची, डब्यासारखी खोल, काच पदकांपासून बोटभर दूर. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, त्यांनी स्वतःच नाकारलं, आपल्या पावसात ते फुगतं. पाठ प्लायवूडची, कडा टेपने बंद, आत सिलिका जेलची पुडी. पुडी दर पावसाळ्याआधी बदलून देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. फोटो काचेला टेकू देत नाहीत, दमटपणात तो चिकटतो आणि सोडवताना चेहरा जातो. काच साधी आहे, खिडकीसमोर लावली तर चमकते. आम्ही ओसरीवरून आतल्या भिंतीवर हलवली.

वजन बरंच आहे. त्यांनी दिलेला हूक चिऱ्याच्या भिंतीत धरत नाही, ड्रिल मारून मोठा स्क्रू घाला. आणि दुकानाबाहेर पार्किंग मिळेल अशी आशा शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी तरी धरू नका.